जुनी वाद्यं विकायला काढताना: कोणतं द्यावं, कोणतं राखावं

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत मी अठ्ठावीस हंगाम तबला वाजवला. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की रात्री दहाला पडदा वर जायचा आणि उजाडेपर्यंत हात थांबायचा नाही. त्या वर्षांत घरात वाद्यं येत गेली. एखादी नाटक मंडळी बंद पडायची, एखाद्या बँडवाल्याचा पोरगा शेती धरायचा, कुठं म्हातारा मृदंग्या जायचा आणि घरच्यांना त्या कोपऱ्यात फवारणीचा पंप ठेवायचा असायचा. मग निरोप यायचा, "भाऊ, नेता का? नाहीतर भंगारवाल्याले देतो." भंगार हा शब्द ऐकला की मी निघायचो.

दोन वर्षांमागं घराचे कवेलू उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. माळा गेला, सपरी (ओसरी) गेली, आणि सगळी वाद्यं पहिल्यांदा एका ठिकाणी आली. तबल्याच्या ६ जोड्या, ४ ढोलक्या, ३ मृदंग, ५ खंजिऱ्या, २ डफ, १ नगारा, बँडचे ३ साईड ड्रम आणि १ बेसड्रम. जोडी एक धरली तर पंचवीस नग. नव्या घरात पंचवीसांची सोय नव्हती. काही द्यावीच लागणार होती.

माझ्यासारखेच अनेकजण ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही, साकोली या पट्ट्यात आहेत. कुणी वडिलांचा संग्रह सांभाळतो, कुणी बँड बंद करून सामान घरात ठेवलेलं आहे. मला फोन येतात, त्यात पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: "याचे किती येतील?" तो प्रश्न शेवटी विचारायचा. आधी काय विचारायचं, ते मी केलं त्याच क्रमानं सांगतो.

फुटकं आधी विकू नका

नवखा माणूस सहसा असं करतो की जे फाटलं, फुटलं, वाजत नाही ते आधी विकायला काढतो आणि चांगलं ते स्वतःकडे ठेवतो. मी स्वतः तेच करत होतो. आता मी याच्या उलट सांगेन. फाटकं वाद्य घेणारा वादक नसतो. तो एक तर भंगारवाला असतो, नाहीतर हॉटेलात शोभेला लावायला जुन्या वस्तू गोळा करणारा. दहा वर्षांमागं मी एक फाटकी ढोलकी अशाच माणसाला दिली. वर्षभरानं हायवेवरच्या एका ढाब्यात तिला मधोमध चिरून, आत बल्ब लावून भिंतीला ठोकलेली पाहिली. अंगावरचं कोरीव काम ओळखीचं होतं, म्हणून कळलं. बिजासालाचं एकसंध खोड, म्हणजे वाद्याचं लाकडी अंग, होतं ते. ती वाजती व्हायला फक्त दोन पुड्या, म्हणजे तोंडांवर ताणून बसवायची कातडी, हव्या होत्या.

म्हणून माझा नियम असा: जे वाद्य धडधाकट आहे पण आपल्या घरी मुकं पडलंय, ते आधी द्यावं. त्याला वाजवणारा हात मिळतो, दामही बरा मिळतो. त्याच पैशातून फाटकी वाद्यं दुरुस्त होतात. दुरुस्त झाल्यावर त्यांचं काय करायचं ते मग ठरवावं.

वाद्यं बाहेर कधी काढायची

आपल्याकडे आषाढ-श्रावणात कातडं ओल धरून ढिलं पडतं. डग्गा, म्हणजे जोडीतला डाव्या हाताचा, घागरीसारखा बोलतो. तेव्हा ऐकून निवड केली तर चांगलं वाद्य टाकून द्याल. मे महिन्यात उलटं होतं. चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कातडं इतकं आवळतं की वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) काचते आणि ठणठणीत आवाज ऐकून मेलेलं वाद्यही जिवंत वाटतं. वाद्य खरं बोलतं ते धान कापून झाल्यावर, कार्तिक ते माघ या दिवसांत. हवा कोरडी, ऊन सौम्य. गिऱ्हाईकही तेव्हाच फिरतं, कारण मंडई, नाटकं, भजन-सप्ताह सगळं त्याच सुमाराला असतं.

बाहेर काढल्यावर सरळ उन्हात ठेवू नका. सपरीत, सावलीत, चुंबळीवर चार दिवस राहू द्या. चौथ्या दिवसापर्यंत स्वर चढवायला हातोडी लावायची नाही.

या चार दिवसांत एक काम उरकून घ्या. प्रत्येक लाकडी वाद्याखाली जुनं काळं कापड अंथरा. सकाळी कापडावर पिठासारखी फिकी भुकटी दिसली तर आत घुण जिवंत आहे. ते वाद्य त्याच क्षणी दुसऱ्या खोलीत न्या. भोकं आहेत पण भुकटी पडत नाही, तर कीड बहुधा जुनी आहे, लाकूड अजून कामाचं असू शकतं. उधई (वाळवी) लागलेलं खोड ठोकल्यावर पोकळ बोलतं, बोटानं दाबलं की दबतं. त्यात वेळ घालवू नका.

वही

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक वाद्याला एक पान द्या. कुठून आलं, कुणाकडून, कोणत्या साली, किती दिलं. तोंडाचं माप इंचात. वजन. खोड कशाचं. पुडी शेवटची कधी बदलली. आणि सर्वांत महत्त्वाचं, आपण ते शेवटचं कधी वाजवलं. शेवटच्या ओळीत खोटं लिहू नका. मी लिहायला बसलो तेव्हा कळलं की सहापैकी तीन जोड्यांना मी पाच वर्षांत हात लावला नव्हता.

जिथून आलं त्या घराला शक्य असेल तर फोन करा. वाद्याची कूळकथा सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. एका मृदंगाबद्दल मला फोनवर कळलं की तो ज्यांनी दिला त्यांचा नव्हताच.

विकायचं नाही असं काय

त्या मृदंगाची गोष्ट सांगतो, कारण हे अनेकांच्या बाबतीत घडलेलं असेल. बाराएक वर्षांमागं एका गावात घर रिकामं करताना तो मला मिळाला. विकायच्या आधी पुडी बदलावी म्हणून कारागिराकडे नेला. पुडी उतरवल्यावर खोडाच्या आतल्या कडेला सुरीनं कोरलेलं गावाचं नाव आणि खाली "भजन मंडळ" असं निघालं. त्या घरचा म्हातारा मंडळाचा मृदंग सांभाळत होता, एवढंच. त्याच्या माघारी पोरांना ते ठाऊक नव्हतं. मी गाडीवर बांधून तो नेऊन दिला. मंडळातल्या एका आजोबांनी थाप मारून पाहिली आणि म्हणाले, "हा माया लग्नाच्या आधीचा हाय." आपल्या गावांत मंडळाचं, देवळाचं, दंडारीच्या (लोकनाट्याच्या) पार्टीचं वाद्य कुणा एकाच्या घरी राहतं. त्याची पावती नसते, नोंद नसते. म्हणून विकायच्या आधी दोन घरी विचारणं, आणि पुडी बदलायचीच असेल तर ती उतरवल्यावर आत पाहणं, हे पहिलं काम.

दुसरं कायद्याचं. खंजिरी आपल्या विदर्भात घरोघरी पोचली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. मोझरीला गुरुकुंज १९३५ साली उभा राहिला आणि त्यानंतर गावोगावच्या प्रार्थनेत खंजिरी वाजू लागली. जुन्या खंजिऱ्यांवर बरेचदा घोरपडीचं कातडं असतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घोरपड त्यातल्या पहिल्या अनुसूचीत येते. असं कातडं लावलेली वस्तू विकणं गुन्हा आहे, मग ती आजोबांच्या काळची का असेना. ओळखायचं कसं? भिंगातून पाहा. बकरीच्या कातड्यावर केसांची बारीक छिद्रं विखुरलेली दिसतात. घोरपडीच्या कातड्यावर ज्वारीच्या दाण्यासारखे बारीक खवले ओळीनं बसलेले असतात. हरणाच्या, चितळाच्या कातड्यालाही हाच कायदा लागू आहे, आणि जंगलालगतच्या गावांतून आलेल्या जुन्या ढोलांवर ते असू शकतं. खात्री होत नसेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारा. माझ्या पाचपैकी दोन खंजिऱ्या तशा निघाल्या. मी अर्ज लिहून त्या तिथंच जमा केल्या. कातडं फाडून टाकावं आणि कडं विकावं असा सल्ला मला मिळाला होता, तो मी मानला नाही. तुम्हीही मानू नका.

तिसरं वयाचं. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष कायद्यात येऊ शकते, तोही कायदा १९७२ चाच. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी ऑनलाइन भेटलेला माणूस "परदेशातलं गिऱ्हाईक आहे" म्हणाला आणि तुमचा नगारा पणजोबांचा असेल, तर थांबा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपूरला आहे, तिथं विचारता येतं. एखादं वाद्य खरंच दुर्मीळ वाटलं तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचाही विचार करावा. १८६३ पासून ते उभं आहे, आपण सगळे त्याला अजब बंगला म्हणतो.

चौथी गोष्ट कायद्याची नाही, पण मी ती पाळतो. ज्या वाद्याची पूजा होते, ज्याला कुंकू लागतं, ते बाजारात काढायचं नाही. बंजारा तांड्यावरचा नगारा असो की गोंडी गुड्यातला (वस्तीतला) ढोल, तो ज्यांचा आहे त्यांच्यातच राहावा. देणारा कितीही अडचणीत असला तरी घेतानाच विचार करावा, आणि घेतला असेल तर परत द्यायची वाट शोधावी.

खोड पाहा, पुडी नंतर

आता उरलेल्यांकडे वळू. तबला, ढोलकी, मृदंग यांत खरी किंमत खोडाची. पुडी ही गाडीच्या टायरासारखी आहे. वाजवलं की झिजते, बदलावीच लागते. नवखा माणूस फाटकी पुडी पाहून वाद्य टाकाऊ ठरवतो आणि नवीकोरी पुडी पाहून भुलतो. दोन्ही चूक.

तबल्याचं दायां, म्हणजे जोडीतलं उजव्या हाताचं लाकडी वाद्य, हातात घ्या. शिसवाचं किंवा बिजासालाचं जुनं खोड आकाराच्या मानानं जड लागतं. आंब्याचं हलकं लागतं. आंबा वाईट नव्हे, शिकणाऱ्याला चालतो, पण संग्रहात राखण्याजोगा क्वचितच. खोडाला उभी चीर आहे का ते वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवून पाहा, कारण चीर बहुधा वादीखाली लपते. केसाएवढी चीर, जी वरच्या कडेपर्यंत गेलेली नाही, ती चालते. कडेला भिडलेली चीर सूर धरू देत नाही. मग कडेवरून अंगठा फिरवा. जिथं गजरा (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) बसतो ती कड सगळीकडे सारखी गोल हवी. एका जागी चपटी असेल तर त्या जागी तबला कायम उतरलेला राहील, कितीही ठोका.

डग्ग्याला चुंबक लावा. पितळेला आणि तांब्याला तो चिकटत नाही. वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड असेल तर टक्कन चिकटतो. बाहेरून सारखेच दिसणारे माझे दोन डग्गे यात वेगळे निघाले. पोचे पडलेले चालतात, पण तोंडाच्या कडेवरचा पोचा चालत नाही.

शाईबद्दल, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाबद्दल, एक गैरसमज इतका पसरलाय की थांबून सांगतो. शाईवर बारीक भेगांचं जाळं दिसतं, ते पाहून लोक म्हणतात, "शाई फुटली." शाई लोहचूर आणि खळीची. ती थरावर थर देऊन, दगडानं घोटून बसवतात आणि ते जाळं कारागीर मुद्दाम आणतो. ते नसेल तर शाई पाटासारखी घट्ट राहील, कातडं थरथरणार नाही, बोल फुटणार नाही. बिघाड ओळखायचा तो कानानं. "ना" हा बोल वाजवल्यावर मागून झणझण आली, किंवा तर्जनीनं हलकं दाबल्यावर शाईचा तुकडा हलला, तर ती शाई गेली. जाळं दाट आणि एकसारखं असेल, आवाज स्वच्छ असेल, तर ती पुडी एखाद्या चांगल्या हाताची आहे. ती उतरवू नका. अशी पुडी बसवणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, आणि जुनी पुडी तशीच्या तशी विकली तर घेणारा जाणकार त्यासाठी वेगळे पैसे देतो.

ढोलकीत खोड एकसंध कोरलेलं आहे की फळ्या जोडलेलं, ते आतून पाहा. विजेरीचा झोत एका तोंडातून टाका. कोरलेल्या खोडात छिन्नीच्या खुणा दिसतात. जोडीव खोडात उभे सांधे दिसतात. बाहेरून रंग जाड दिला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. नटबोल्टच्या ढोलक्यांत लोखंडी कड्या गंजून लाकडात रुतलेल्या असतात. त्या काढताना लाकूड फाटतं. म्हणून विकायच्या आधी "साफसफाई" करायला बसू नका.

बँडचे ड्रम

याबद्दल आपल्याकडे माहिती सर्वांत कमी आणि आशा सर्वांत जास्त. जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या घरी "विलायती" ड्रम असतो आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की याचे लाखो येतात. शांतपणे पाहायला हवं.

आपल्या भागातले बहुसंख्य बँडचे ड्रम मेरठचे असतात. जलीकोठी हा तिथला वाद्यांचा मोहल्ला, आणि नादिर अली कंपनी तिथं १८८५ पासून बँडची वाद्यं बनवते आहे. मेरठचा ड्रम हा कमीपणा नव्हे. लग्नाच्या मांडवात पन्नास वर्षं मार खाऊन तो टिकतो. पण त्याचा बाजार बँडवाल्यांचाच आहे, संग्राहकांचा फारसा नाही. तो विकायचा तर दिवाळीच्या आधी, लग्नसराईची तयारी सुरू होते तेव्हा.

इंग्रजी प्रीमियर कंपनीचे साईड ड्रम नागपूरजवळच्या कामठीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे आले असावेत असं मला वाटतं, कारण माझा त्याच बाजूच्या एका जुन्या वादकाकडून आला. प्रीमियर १९२२ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात लेस्टरकडे हलली. कडेवरचा बिल्ला पाहा, पण एकट्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका. बिल्ला दुसऱ्या ड्रमवर ठोकता येतो. बिल्ल्याखालचं भोक, त्याच्याभोवतीचा रंग, आणि वर्षानुवर्षं बिल्ला असल्यानं न उडालेल्या रंगाचा गोल ठसा, हे सगळं जुळायला हवं.

अमेरिकी लुडविग ड्रमसेटची चौकशी फार होते. बीटल्सचा रिंगो स्टार १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी टीव्हीवर लुडविग वाजवताना दिसला आणि त्या कंपनीचं जगभर नाव झालं. लुडविगच्या बिल्ल्यांवर अनुक्रमांक १९६३-६४ च्या सुमारास येऊ लागले. तेव्हा बिल्ल्यावर आकडा असून कुणी "पन्नासच्या दशकातला आहे" म्हणत असेल तर पटवून घेऊ नका. त्यांच्या सुप्राफॉनिक नावाच्या धातूच्या स्नेअरला (खाली तारा असलेल्या ड्रमला) चुंबक चिकटत नाही, कारण चमकदार मुलाम्याखाली ॲल्युमिनियम असतं. चिकटला तर तो दुसरा काहीतरी आहे.

संग्राहक पैसे देतात ते मूळपणाचे. नंतर पाडलेलं एकही भोक नको, मूळ रंग किंवा मूळ चिकटवलेला चमकीचा पत्रा हवा, सगळ्या खुंट्या एका जातीच्या हव्यात, खालच्या तारा ओढणारा खटका मूळचा हवा. नवा रंग दिला की तो ड्रम संग्राहकाच्या लेखी संपला. मी माझ्या प्रीमियरला विकायच्या आधी ब्रासो लावून लखलखीत केलं. मुंबईहून आलेल्या जाणकारानं तो उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "घासायच्या आधीचे फोटो आहेत का?" नव्हते. मुलामा दोन जागी पातळ होऊन खालचा धातू दिसत होता. तो ड्रम माझ्याकडेच राहिला. जुन्या ड्रमला कोरडं मऊ फडकं, बस.

ड्रमच्या तोंडावरचे प्लास्टिकचे पडदे बाजारात आले ते १९५७ च्या आसपास. तुमच्या ड्रमवर अजून वासराच्या कातड्याचा पडदा शाबूत असेल तर तो तसाच ठेवा, चार खुंट्या थोड्या सैल करा आणि "वाजवून दाखवा" म्हणणाऱ्यापुढे आवळत बसू नका. आणखी एक अडचण माहीत असू द्या. साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रीमियरच्या टॉमची (ड्रमसेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमची) मापं अमेरिकी मापांपेक्षा किंचित मोठी होती. आजचा १२ किंवा १४ इंची पडदा त्यावर बसत नाही. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा.

जुळ्यांतून एक निवडणं

एका जातीची तीन-चार वाद्यं असतात तिथं डोळा फसवतो. जे सुंदर दिसतं ते चांगलं वाजतं असं वाटतं. ज्याच्याशी आठवण जोडलेली, तेही चांगलंच वाजतं. म्हणून मी सहाही जोड्या खोलीत ठेवल्या, पुतण्याला वाजवायला बसवलं आणि मी बाहेर भिंतीआड बसलो. प्रत्येक जोडीवर तोच कायदा, म्हणजे तबल्याची तीच ठरलेली रचना, तीच लय. वहीत फक्त आकडा आणि एक शब्द. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा. दोन्ही दिवशी जी जोडी मी पहिल्या क्रमांकावर ठेवली, ती माझ्या मनात चौथ्या क्रमांकावर होती. अशी चाचणी घेतल्याशिवाय जोडी देऊ नका.

मग स्वर पाहा. पुरुष गायकाला बहुधा पेटीच्या पट्ट्यांतली काळी एक, काळी दोनच्या आसपास तबला लागतो, बाईमाणसाला काळी चार, काळी पाच. तोंड जितकं मोठं तितका तबला खाली उतरतो. एका दायांला फार तर एखादा स्वर वर-खाली ओढावा, त्यापलीकडे पुडी जाते. माझ्या सहापैकी चार जोड्या काळी एकच्याच निघाल्या. चारांचं काम एक करते. काळी एकची सर्वांत चांगली जोडी आणि काळी पाचची एकुलती एक जोडी ठेवली, उरलेल्या चार दिल्या. ढोलक्यांतही हेच झालं, चारांतल्या दोन गेल्या.

डग्गा आणि दायां वेगवेगळे विकू नका. जोडी फोडली की दायां लगेच जातं आणि डग्गा घरी पडून राहतो.

देखभालीचा हिशेब

निवड अडली तर मी एकच विचार करतो: पुढचे तीन पावसाळे याला मी सांभाळेन का? सांभाळणं म्हणजे दर पावसाळ्याच्या आधी पुसून, सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून उंचावर ठेवणं, महिन्यातून एकदा उघडून पाहणं, आणि निदान अर्धा तास वाजवणं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे, त्यात बुरशी धरते. पंचवीस वाद्यांना अर्धा अर्धा तास म्हणजे महिन्याला साडेबारा तास. मी पासष्टीला आलो, मला अकरा वाद्यांचे साडेपाच तास झेपतात. माझा आकडा तिथंच आला.

कुणाला द्यायचं, कसं द्यायचं

गिऱ्हाईक आधी ठरवा, भाव मागून. माझ्याकडे आलेल्यांत तीन जाती होत्या. एक, शिकणारी मुलं आणि त्यांचे आईबाप. त्यांना नवी जोडी दुकानात केवढ्याला पडते ते ठाऊक असतं. त्यातून पुडी बदलण्याचा खर्च वजा करावा, चांगल्या खोडाचे थोडे वर धरावेत. दोन, भजन मंडळं आणि नाटक मंडळी. हे हप्ता मागतात, आणि मी देतो, कारण मंडळाचा पैसा कार्तिकात वर्गणी झाल्यावर येतो आणि येतोच. माझा एक मृदंग आणि बकरीच्या कातड्याच्या दोन खंजिऱ्या अशाच गेल्या. तीन, शोभेच्या वस्तूंचे व्यापारी. ते वाद्य वाजवून पाहत नाहीत, यावरूनच ओळखता येतात. माझ्या नगाऱ्याचं भांडं तांब्याचं आहे. एकानं तो उचलून अंदाज घेतला आणि तांब्याच्या किलोच्या भावानं आकडा सांगितला. नगारा मी ठेवून घेतला.

ऑनलाइन टाकणार असाल तर फोटो दिवसाउजेडी काढा. दोन्ही तोंडं, आतली बाजू, बिल्ला, आणि प्रत्येक दोषाचा जवळून एक. चीर लपवून पाठवलेलं वाद्य परत येतं तेव्हा वाटेत आणखी फुटून येतं. वाजवतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ टाका, कॅमेरा हातभर अंतरावर. आगाऊ पैसे देतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करू नका. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही.

विक्रीची साधी पावती करा. वाद्याचं वर्णन, माप, कातडं कशाचं, तारीख, दोघांच्या सह्या. त्याच्यासोबत वहीतलं ते पान उतरवून द्या. माझा बेसड्रम वैनगंगेपलीकडच्या एका नव्या बँडनं नेला. त्यांचा म्होरक्या बावीस वर्षांचा पोरगा होता. पान वाचून त्यानं विचारलं, "काका, या आधीच्या मालकाचं नाव ड्रमवर राहू देऊ का?" जुन्या बँडचं नाव लाल रंगात पुसट उरलं होतं. मी म्हटलं, तुझं खाली लिही.

उरलेल्या दोन साईड ड्रमपैकी एक त्याच बँडला दिला. दुसऱ्याचा खटका मोडलेला आहे, सुटा भाग मिळाला की तोही वाजता होईल. दोन्ही डफ अजून कारागिराकडे आहेत. एकाचं कडं वाकलंय आणि ते वाफेवर सरळ होतं का, हे तो येत्या माघात पाहणार आहे.